अडॅप्टिव्ह नॉइज रिडक्शन की नॉइज प्रिंट? तानपुरा कापू नका हो

जुन्या मैफलीची कॅसेट डिजिटाइझ करून कोणी टाकली की मी आधी तानपुरा ऐकतो, आणि हल्ली तो बऱ्याचदा गायबच असतो. विचारलं की ठरलेलं उत्तर, "अडॅप्टिव्ह लावलंय, ते अ‍ॅडव्हान्स्ड आहे ना!" अ‍ॅडव्हान्स्ड वगैरे काही नाही, अडॅप्टिव्ह आणि नॉइज प्रिंट या खरखर काढायच्या दोन पद्धती, दोन्हीचं काम वेगळं आहे.

प्रिंटवालं सगळ्यांना येतं, ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या खरखरीचा तुकडा निवडायचा, त्याचं नॉइज प्रोफाइल, म्हणजेच प्रिंट घ्यायचं, अख्ख्या फाइलवर चालवायचं. हेडफोनमधलं नॉइज कॅन्सलेशन हा तिसराच विषय, आणि तबकडीचे टकटक आवाज हे डीक्लिक या वेगळ्या इफेक्टचं काम, ते आधी उरका.

खरी गोची इथे आहे. प्रिंटमध्ये नॉइज कोणता हे तुम्ही सांगता, अडॅप्टिव्हमध्ये सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. कसं, तर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला तळाशी सतत काय वाजतंय ते बघत राहतं आणि जे फारसं बदलत नाही तो नॉइज असं धरून चालतं. बोलण्याला हे मस्त लागू पडतं, कारण माणूस मधे मधे थांबतो, त्या फटीत मागचा आवाज उघडा पडतो. रस्त्यावरच्या मुलाखतीत ट्रॅफिक वाढलं-ओसरलं तरी ते जुळवून घेतं, तिथे एका जागचं प्रिंट पुरत नाही. पण तानपुरा? तो तर अखंड वाजायलाच असतो! हार्मोनियमचा धरलेला सूर, गायकाने लावलेला लांब षड्ज, सगळेच संशयित. त्यात जवारीचे, म्हणजे तानपुऱ्याच्या त्या झणझणीत गुंजनाचे, वरचे बारीक स्वर हिसच्या, म्हणजे टेपच्या सततच्या सूं आवाजाच्या, अगदी जवळ असतात, ते सगळ्यात आधी जातात.

कॅसेटची हिस मात्र शेवटपर्यंत साधारण सारखीच, म्हणून मैफलीला प्रिंटच. अडोबी ऑडिशन या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन वेगळे इफेक्ट दिलेत ते उगाच नाही. फक्त प्रिंट कुठून घेताय ते बघा, टेपच्या सुरुवातीचा कोरा भाग नको, त्यात हॉलचे पंखे नसतात. रेकॉर्डिंग सुरू झालंय पण तानपुरा अजून छेडलेला नाही असा अर्धा-एक सेकंद शोधा. तानपुऱ्यासकट प्रिंट घेतलंत तर त्यानेही तानपुराच कापला जाणार.

आणि २४ डीबी (डेसिबल) नॉइज कापून गायकाला पाण्याखाली बसवू नका, ६ ते १० बास झाले, राहू दे थोडी हिस. ऑडॅसिटीत रेसिड्यू, ऑडिशनमध्ये आउटपुट नॉइज ओन्ली, हा पर्याय लावून जे कापलं जातंय तेवढंच ऐका. नुसतं सूंऽऽ आलं पाहिजे. षड्ज-पंचम ऐकू आले की डीबी उतरवा आणि परत ऐका.