सुईत १, गोळीत ९८

सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरचे पेप्टाइड सुईनेही घेता येते आणि गोळीनेही. सुई आठवड्यातून एकदा, बऱ्याच जणांना १ मिलिग्रॅमची. गोळी रोज, १४ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे आठवड्याचे ९८. रेणू तोच, मग एवढी उधळपट्टी का? त्वचेखाली टोचलेल्या औषधातले सुमारे ८९ टक्के रक्तात पोचते, गोळीतले जेमतेम १ टक्का.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जठराला ती आणि वरणातले प्रथिन सारखेच. पेप्सिन हा पाचकरस दोन्ही तोडतो. त्यातून वाचली तरी ४,१०० डाल्टनचा हा बोजड रेणू अस्तरातून सहजी आत शिरत नाही. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या या गोळीत ३०० मिलिग्रॅम सॅल्कॅप्रोझेट सोडियमही असते. गोळी जठरात विरघळताना हा क्षार तिच्याभोवतीची आम्लता तेवढ्यापुरती कमी करतो आणि रेणूला अस्तरातून वाट काढून देतो.

गोळीची सगळी पथ्ये या 'तेवढ्यापुरती'तून आलेली आहेत. सकाळी उपाशीपोटी, १२० मिलिलीटरपर्यंत साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. पुढची ३० मिनिटे चहासुद्धा नाही. तांब्याभर पाणी प्यायले, की क्षार पातळ होऊन शोषण घटते. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तात थायरॉक्सिन सुमारे ३३ टक्के जास्त जाते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावे.

एवढे सांभाळूनही शोषण रोज कमीजास्त होतेच. तरी गोळी लागू पडते, कारण सेमाग्लुटाइड रक्तात निम्मे व्हायला आठवडा लागतो आणि एखाद्या दिवसाची तूट बाकीचे दिवस भरून काढतात. २६ आठवड्यांच्या एका चाचणीत या गोळीने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे टक्क्यांतले माप) १.२ अंकांनी उतरले, तर लिराग्लुटाइड या त्याच गटातल्या औषधाच्या रोजच्या सुईने १.१ ने. इन्सुलिनला ही सवलत नाही. ते रक्तात काही मिनिटेच टिकते, आणि मात्रा थोडी चुकली तरी साखर धोकादायक घसरते.

कोलॅजेन पावडरचे गणित निराळे. ती मुळातच तुकडे केलेली असते. त्यातले दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे आतड्यातून तसेच रक्तात जातात, बाकीचे साधे प्रथिन म्हणून पचते. टोचून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी भीती 'फक्त संशोधनासाठी' असे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ सारख्या, टोचून घ्यायच्या पेप्टाइडांच्या कुप्यांची. सुई जठराला वळसा घालते, तसा जंतूंना अडवणाऱ्या आम्लालाही. कुपीत जंतूंचे विष असेल तर तेही जवळजवळ पूर्ण मात्रेने आत जाते.