डूलॅली : देवळालीच्या छावणीतून विलायतेत गेलेला शब्द

इंग्लंडातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘डूलॅली’ हा शब्द हमखास यायचा. अर्थ : डोकं फिरलेला. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळचं आपलं देवळाली. गोऱ्या सोल्जरांच्या जिभेला ‘ळ’ पेलला नाही, एवढंच.

देवळालीची छावणी १८६१ सालची. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी आगगाडीने घाट चढून आधी इथे यायच्या, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीसाठी इथेच थांबायचे. गोची होती ती बोटींची. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्यातच सुटत. तो हंगाम हुकला की अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा काढणं आलं. कवायत नाही, पहारा नाही, हत्यारंही जमा केलेली. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाच्या आठवणी १९३६ मध्ये छापून आल्या, त्यात हे वर्णन आहे : वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर साधा शेरा नाही, असे गडीही इथे येऊन बिघडायचे. दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, त्यात मलेरिया.

पूर्ण शब्दप्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. हा टॅप नळाचा नव्हे, आपला साधा ताप! पुढे इंग्रजीत ताप गळाला आणि गावाचं नाव तेवढं उरलं. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही सांगतात. मानसिक आजार झालेले शिपाईही बोटीसाठी तिथे थांबत, त्यामुळे ती गोष्ट पसरली असावी. मला विचाराल तर माणसं बिघडवायला तो रिकामपणा पुरेसा होता.

याच बराकींतून बाकीचा मालही विलायतेला गेला. ‘देखो’चं ‘डेको’ झालं, म्हणजे एक नजर टाकणं. ‘चौकी’ची ‘चोकी’ झाली आणि तिचा अर्थ थेट तुरुंग. हे शब्द कुणी मुन्शी ठेवून शिकलेले नव्हेत; आचारी, भिश्ती, धोबी यांच्याशी रोजच्या व्यवहारात कानावर पडले तसे उचललेले. ‘विलायती’वरून आलेला ‘ब्लायटी’ तर पहिल्या महायुद्धात, हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या शिपायांच्याही तोंडी बसला. जीव जाणार नाही, पण घरी पाठवणी नक्की होईल, अशा जखमेला खंदकात ‘ब्लायटी’च म्हणत.