फुंकर तीच, निकाल वेगळा

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातली पन्नाशीची एक बाई स्पायरोमीटरच्या, म्हणजे फुंकरीतली हवा मोजून फुफ्फुसांची क्षमता सांगणाऱ्या यंत्राच्या, नळीत जोर लावून फुंकते. आकडा येतो १.९ लिटर. तिच्या वयाला आणि उंचीला २.५ लिटर अपेक्षित धरले, तर हे झाले ७६ टक्के. ८० च्या खाली, म्हणजे पुढच्या तपासण्या करायला हव्यात. आता मशीनमधला ‘वंश’ हा रकाना तेवढा बदला. ‘आशियाई’ निवडलं की जुन्या हिशेबात अपेक्षाच ४ ते ६ टक्क्यांनी खाली यायची. ६ टक्के धरले तर तोच १.९ आता ८१ टक्के! बाई नॉर्मल. पुन्हा फुंकायलाही लागलं नाही.

जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचं आपलं काम मांडलं, ते उंची-वयाच्या हिशेबाने. पुढे अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने कृष्णवर्णीय गुलामांची फुफ्फुसं मुळातच दुबळी असल्याचा दावा केला, आणि गुलामगिरीच्या समर्थकांना तो सोयीचा वाटला. शेतात राबणं, कोंदट खोपटं, उपासमार हे सगळं हिशेबाबाहेर, दोष रक्ताचा. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने वंशाचा रकाना वगळून निकाल लावायची शिफारस केली, ती थेट २०२३ मध्ये.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि भाषा बसते, एवढाच फरक. पूर्व भागात तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज मोठा. घरातले पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या वळायला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेलं तेंदूचं पान, दोरा. तंबाखूची बारीक धूळ नाकातून जाते, निकोटीन हाताच्या कातडीतूनही शिरतं. विडी कधी न ओढलेल्या बाईलाही हे चुकत नाही. मागावर कापसाची धूळ आहेच. अशा वस्तीत फुफ्फुसांची क्षमता कमी आढळली आणि कुणी ‘पद्मशालींमध्ये क्षमता कमी’ असं लिहून मोकळं झालं, तर आकडा खरा आणि वाक्य दिशाभूल करणारं.

मग करायचं काय? त्याच समाजातल्या, पण विड्या न वळणाऱ्या बायका तपासायच्या. दुसऱ्या समाजातल्या, पण विड्या वळणाऱ्याही तपासायच्या. खोल्या किती, खिडकी आहे का, किती वर्षं हे काम, चूल की गॅस, हे विचारायचं. इथे उलटा खड्डाही आहे, आणि त्यात शहाणे संशोधकही पडतात. काम, उत्पन्न, घर यांचे परिणाम गणिताने वजा केले की जातीचा फरक उरत नाही, आणि मग ‘जातीचा काही संबंध नाही’ असा निष्कर्ष निघतो. अहो, पण कोणाच्या वाट्याला कोणतं काम, हे ठरवण्यात जातीचाही हात असतोच ना!

आडनावावरून जात ओळखण्यात आपण पटाईत. संशोधनात ही हुशारी नको; माणूस स्वतःला काय म्हणवतो, ते त्यालाच विचारावं, आणि का विचारतोय तेही सांगावं. सोलापुरात याला जास्तच अर्थ आहे. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. तो भाग अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. तरी दारात वही घेऊन कोणी जात विचारायला आलं, तर तिथलं घर आधी गप्प होणार. शिवाय एखाद्या जमातीची पाचसातच घरं असतील, तर अहवालात नाव न देताही कोण ते सगळ्या गल्लीला कळतं.

आणि भाषा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, पण सर्वेक्षणाचा फॉर्म बहुधा मराठीत. तो नुसता भाषांतरित करून चालत नाही. दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून ताडून बघावा लागतो, शिवाय चार बायकांना आधी विचारून पाहावा लागतो. तेलुगूत ‘आयासम्’ म्हणजे धाप. मराठीत आयास म्हणजे कष्ट. ‘जिना चढताना काय होतं?’ या प्रश्नावर बाई ‘आयासम्’ म्हणते. फॉर्म भरून घेणारी मराठी मुलगी मान डोलावते आणि ‘थकवा’ वर टिक करते. असे शेकडो फॉर्म जमतात, आणि अहवालात छापून येतं: तेलुगू भाषकांमध्ये धाप लागण्याची तक्रार कमी.