शाळा सुटल्यावरचा देव, शाळा सुटल्यावरचा सैतान

नोव्हेंबर २०२३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हेलरटाऊन गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) एक दावा तडजोडीने मिटवला. नुकसानभरपाई १ डॉलर, समोरच्या पक्षाच्या वकिलांची फी २ लाख डॉलर. वाद होता शाळा सुटल्यानंतर तासाभरासाठी हवी असलेली एक खोली. ती मागणाऱ्या क्लबच्या नावात 'सैतान' हा शब्द होता. त्याच डिस्ट्रिक्टच्या इमारतीत मुलांना बायबल शिकवणारा क्लब आधीपासून भरत होता आणि त्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. सरकारी शाळेची खोली धर्माला द्यायची की नाही हा प्रश्न जुना आहे. कोणत्या धर्माला देताना कारकुनाचा हात अडखळतो, हा प्रश्न मात्र गेल्या दोन-अडीच दशकांतला आहे आणि आजचे सगळे तंटे तिथूनच निघतात.

(एक खुलासा. अमेरिकेतले पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, निवडून आलेल्या स्थानिक मंडळाच्या ताब्यातली शाळा. आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहून भरमसाट फी घेतात, ती नव्हे.)

जुना काळ थोडक्यात उरकता येतो. १९१४मध्ये इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात मुलांना शाळेच्या वेळातच धर्मशिक्षणासाठी बाहेर सोडण्याची पद्धत सुरू झाली. १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावचे, शाळेच्या वर्गातच भरणारे धर्माचे तास ८ विरुद्ध १ मतांनी बंद केले. १९५२मध्ये न्यूयॉर्कची, मुलांना शाळेबाहेर पाठवण्याची पद्धत ६ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य धरली. म्हणजे भिंत धर्म आणि शाळा यांच्यात नव्हे, धर्म आणि शाळेची इमारत यांच्यात उभी राहिली. १९६२ आणि १९६३च्या निकालांनी शाळेने म्हणवून घेतलेली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबले, आणि धार्मिक गटांनी दार बदलले. धर्माला घटनेने दिलेल्या सवलतीच्या आधारे वाद घालण्यापेक्षा 'हे आमचे भाषणस्वातंत्र्य आहे' म्हणणे जास्त उपयोगी पडते, हे त्यांच्या वकिलांनी ओळखले. १९८१मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी आवारातल्या विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर खोली मिळवली.

१९८४चा समान प्रवेश कायदा या चालीचे फळ. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी विद्यार्थी गटाला जागा दिली, तर दुसऱ्या गटाला धार्मिक, राजकीय किंवा तात्त्विक मजकुराच्या कारणाने नाकारता येत नाही. अटी नेमक्या आहेत: गट विद्यार्थ्यांनी काढलेला हवा, येणे ऐच्छिक हवे, धार्मिक बैठकीत शिक्षकाने फक्त हजर राहायचे, भाग घ्यायचा नाही, आणि बाहेरच्या माणसाने गट चालवायचा नाही किंवा नेमाने यायचे नाही. १९९०मध्ये ओमाहा इथल्या शाळेने 'आमचे सगळे क्लब अभ्यासाशी निगडित आहेत' असा बचाव केला. पण बुद्धिबळ आणि पाण्याखाली पोहण्याचा क्लब कोणत्या विषयाच्या अभ्यासक्रमात बसतो हे तिला सांगता आले नाही.

बायबल गटांसाठी झालेला हा कायदा बारा वर्षांत भलत्याच हातात गेला. सॉल्ट लेक सिटीत समलिंगी आणि इतर विद्यार्थ्यांनी मिळून त्याच्या आधारे गट मागितला तेव्हा, १९९६मध्ये, मंडळाने अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले. नावडत्या एकाला बाहेर ठेवायला सगळ्यांच्या खोल्यांना कुलूप! पुढे २०००मध्ये ते उघडावे लागले. दोन मापांचा खेळ पहिल्यांदा इतक्या उघडपणे इथे दिसला.

मात्र हा कायदा प्राथमिक शाळांना लागू नाही आणि बाहेरच्या प्रौढांनी चालवलेल्या गटांनाही नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना बायबल शिकवणारा 'गुड न्यूज क्लब' नेमका या दोन्ही फटींत बसतो. म्हणून १९९६ ते २००१ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्ड या लहानशा गावात जे घडले, त्यावर बाकीचे सगळे उभे आहे.

मिलफर्डमध्ये बालवर्गापासून बारावीपर्यंतची शाळा एकाच इमारतीत. १९९२मध्ये मंडळाने शाळेच्या वेळेनंतर इमारत वापरायला देण्याचे धोरण केले. शिक्षण आणि कलांसाठी, तसेच सर्वांना खुल्या असलेल्या सामाजिक, नागरी, मनोरंजनाच्या आणि लोककल्याणाच्या कामांसाठी जागा मिळेल, 'धार्मिक कारणांसाठी' नाही. स्काउट, गाइड आणि शेतीशी नाते सांगणारा फोर-एच क्लब तिथे भरत होते. १९९६मध्ये गुड न्यूज क्लबने अर्ज केला. गाणी, बायबलचा पाठ आणि वचनांचे पाठांतर, असा त्यांचा कार्यक्रम होता. अधीक्षकांनी ही उपासनाच आहे म्हणून अर्ज फेटाळला आणि फेब्रुवारी १९९७मध्ये मंडळाने नकारावर शिक्कामोर्तब केले.

क्लबचा तास हजेरीने सुरू होई. नाव पुकारले की मुलाने वचन म्हणायचे, मग खाऊ. त्यानंतर गाणी, बायबलमधल्या शब्दांचे खेळ, गोष्ट आणि शेवटी प्रार्थना. शिकवणाऱ्यांसाठीच्या साहित्यात 'तारण झालेली' (येशूला स्वीकारून उद्धार झालेली) आणि 'तारण न झालेली' मुले असे दोन गट पाडून कोणाशी काय बोलायचे ते दिलेले होते. खालची दोन्ही न्यायालये याला उपासना म्हणत शाळेच्या बाजूने गेली. मिझुरीतल्या तशाच खटल्यात १९९४मध्ये दुसऱ्या भागातल्या अपील न्यायालयाने क्लबला जागा दिली होती. दोन अपील न्यायालयांची तोंडे दोन दिशांना झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला.

११ जून २००१ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी क्लब जिंकला. निकालाचा कणा म्हणजे 'मर्यादित सार्वजनिक मंच' हा शब्दप्रयोग, आणि त्याचा सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. सरकारने आपली जागा ठरावीक कामांसाठी उघडली की ती असा मंच होते. तिथे विषयाची मर्यादा घालता येते, दृष्टिकोनाची नाही. खोली फक्त बुद्धिबळासाठी ठेवली तर भजनी मंडळाला नाही म्हणता येईल, कारण विषय वेगळा. पण खोली 'मुलांच्या चारित्र्यघडणीसाठी' ठेवली, तर इसापच्या गोष्टी सांगून नीती शिकवणाऱ्याला हो आणि येशूच्या गोष्टी सांगून शिकवणाऱ्याला नाही, असे चालत नाही. विषय तोच, फक्त नजर वेगळी. १९९३मध्ये लाँग आयलंडवरच्या एका शाळेने कुटुंबजीवनावरची चित्रफीत ती ख्रिस्ती आहे म्हणून नाकारली, तेव्हा नऊच्या नऊ न्यायाधीशांनी हेच सांगितले होते.

कागदावर भेद स्वच्छ दिसतो, हातात घेतला की निसटतो. धोरणातला विषय जितका ऐसपैस, तितक्या जास्त गोष्टी 'दृष्टिकोन' ठरतात. 'लोककल्याण' एवढा एक शब्द धोरणात असला की बहुतेक काहीही आत येते. मग धर्माबद्दल बोलणे, धर्म शिकवणे आणि धर्मांतराचे आवाहन करणे यांत रेघ कुठे ओढायची? बहुमताने ती ओढलीच नाही. बायबलचा पाठ म्हणजे चारित्र्यघडणीचाच एक मार्ग आहे, असे म्हणून ते पुढे गेले. अल्पमतातल्या न्यायाधीशांनी तास कसा चालतो ते तपशीलवार मांडले आणि ही चर्चा नसून मुलांना ख्रिस्ताकडे वळवण्याची सेवा आहे असे लिहिले. असेच चालले तर नागरी सभांना उघडलेली प्रत्येक शाळा चर्च, सिनेगॉग आणि मशिदीसाठीही उघडावी लागेल, असा इशाराही दिला. त्यांचा आणखी एक मुद्दा फारसा उद्धृत होत नाही, पण व्यवहारात तोच कळीचा ठरला. मिलफर्डची शाळा २ वाजून ५६ मिनिटांनी सुटे आणि क्लब ३ वाजता सुरू होई. चर्चमध्ये भरत असताना आठ-दहा मुले येत. शाळेत आल्यावर ती तिपटीने वाढली. सात वर्षांच्या मुलाला त्या चार मिनिटांत सरकार संपून खासगी संस्था सुरू झाल्याचे कसे कळावे, याचे समाधानकारक उत्तर निकालपत्रात सापडत नाही. संमती पालक देतात, वर्ग मोठ्या मुलांच्या खोलीत भरतो, शिकवणारे शाळेचे शिक्षक नाहीत, एवढ्यावर बहुमताने भागवले. यातला तिसरा आधारही फार टिकला नाही. २००४मध्ये साउथ डकोटातल्या एका शिक्षिकेला, शाळा सुटल्यावर तिच्याच शाळेतल्या क्लबमध्ये भाग घेण्याची मुभा अपील न्यायालयाने दिली.

२००१नंतर थेट नकार देणे अवघड झाले, म्हणून दुजाभाव अर्जाच्या तळटिपांत गेला. जागेचा अर्ज साधारण असा असतो: उपक्रमाचे वर्णन, दिवस आणि वेळ, दायित्व विम्याचा दाखला (दर दुर्घटनेमागे १० लाख डॉलरचे संरक्षण सर्रास मागतात), भाड्याचा वर्ग, पत्रक वाटण्याची परवानगी आणि पालकांचे संमतीपत्र. यातल्या अनेक रकान्यांवर खटले झाले आहेत. भाड्याचे पाहा. साउथ कॅरोलायनातल्या एका डिस्ट्रिक्टने 'डिस्ट्रिक्टच्या हिताचे असेल तर' भाडे माफ करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता. हित कशात ते लिहिलेले नव्हते आणि क्लबला मात्र भाडे लागले. २००६मध्ये अपील न्यायालयाने असा मोकाट अधिकारच घटनाबाह्य ठरवला. भेदभाव झाल्याचे सिद्ध करायचीही गरज नाही, तो करण्याची मुभा असणे पुरेसे, असे त्याचे म्हणणे. पत्रकांचेही तसेच. मेरीलँड आणि न्यू जर्सीतल्या शाळा इतर संस्थांची पत्रके मुलांच्या दप्तरातून घरी पाठवत, या क्लबची नाही. दोन्हीकडे शाळा हरल्या. मिनियापोलिसमध्ये क्लबला खोली होती, पण शाळेनंतरच्या कार्यक्रमांना मिळणारी बस आणि खाऊ काढून घेतला होता. बस नाही म्हटल्यावर मुले गळतात. २०१२मध्ये तिथेही क्लबच्या बाजूने आदेश झाला.

या प्रत्येक खटल्यात क्लब जिंकला आणि प्रत्येक विजयाने नियम सर्वांसाठी पक्का होत गेला. हा 'सर्वांसाठी' कोणी तपासून पाहील, असे जिंकणाऱ्यांना बहुधा वाटले नसावे.

२०१६च्या उन्हाळ्यात एका संघटनेने 'आफ्टर स्कूल सेटन क्लब' जाहीर केला. देव आणि सैतान दोन्ही न मानणारी, पण स्वतःला धर्म म्हणवणारी ही संघटना जिथे गुड न्यूज क्लब आधीच चालू आहे, तिथेच अर्ज करते. तासाला विज्ञानाचे प्रयोग, कोडी, हस्तकला आणि खाऊ असतो, सैतानाची पूजा नसते. हा टोमणा आहे हे उघड आहे, पण अर्ज मिलफर्डच्या निकालात तंतोतंत बसतो.

हेलरटाऊनमध्ये फेब्रुवारी २०२३मध्ये या क्लबला आधी परवानगी मिळाली. मग धमकीचा फोन आला, शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली आणि अधीक्षकांनी परवानगी काढून घेतली. कारण दिले ते असे, की 'हा उपक्रम शाळेचा नाही' ही धोरणात सांगितलेली ओळ क्लबच्या प्रचारात स्पष्ट नव्हती. ही ओळ नसणे ही अशा अर्जांतली सगळ्यात नेहमीची चूक. एरवी 'घाला आणि पुन्हा आणा' म्हणून कागद परत देतात. बायबल क्लबच्या कागदांतही ती उणीव होती आणि त्याला कोणी हटकले नव्हते, असे फिर्यादींचे म्हणणे होते. १ मे २०२३ रोजी जिल्हा न्यायालयाने क्लबच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. विरोधकांचा आरडाओरडा हे बोलणाऱ्याला गप्प करण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व तिथे कामी आले.

व्हर्जिनिया आणि टेनेसीत वाद सुरक्षेच्या खर्चावर गेला: निदर्शक येणार म्हणून पोलीस लागणार, मग त्यांचे पैसे क्लबने भरावेत. वास्तविक हा मुद्दा जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीच्या मिरवणूक शुल्कावरून १९९२मध्येच निकाली निघाला आहे. ऐकणारे किती चिडतील यावर बोलणाऱ्याची फी ठरवता येत नाही. आज मंडळांना सल्ला देणारे वकील म्हणूनच सांगतात की दर आधी छापा, माफीचे निकष लिहून ठेवा, अर्ज आल्यानंतर धोरण बदलू नका, आणि फारच झेपत नसेल तर सगळ्यांनाच दार बंद करा. शेवटच्या उपायात स्काउटही जातात, म्हणून तो क्वचितच कोणी पत्करते.

या नियमांचा आपल्या लोकांशीही संबंध आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळा आणि गणेशोत्सव अनेकदा सरकारी शाळेच्याच सभागृहात भरतात, याच अर्जावर आणि याच विम्याच्या दाखल्यावर. नाच, नाटक आणि जेवण हे नागरी कार्यक्रमात बसते. प्राणप्रतिष्ठा आणि आरती दृष्टिकोन की उपासना, हे मात्र कोणत्या राज्यात आहात यावर ठरू शकते. ब्राँक्समधल्या एका चर्चने रविवारच्या उपासनेसाठी शाळा मागितली होती. न्यूयॉर्क शहराने 'उपासना सेवा' हा वेगळा प्रकार ठरवून ती नाकारली आणि अपील न्यायालयाने २०११ व २०१४मध्ये ते मान्य केले. मिलफर्डने न ओढलेली रेघ अशी त्याच राज्यात मागल्या दाराने परत आली.

सध्या वाद पुन्हा शाळेच्या वेळेत शिरतो आहे. जानेवारी २०२५मध्ये ओहायोत कायदा झाला. पालकांच्या संमतीने मुलांना धर्मशिक्षणासाठी बाहेर सोडण्याचे धोरण डिस्ट्रिक्टला आधी ऐच्छिक होते, ते आता सक्तीचे झाले. वर्ग शाळेच्या आवाराबाहेर हवा, सरकारी पैसा लागता कामा नये, ने-आण आयोजकाने किंवा पालकांनी करायची. त्या राज्यातल्या मेरीसव्हिल गावात बायबलचे वर्ग आधीपासून चालू होते. सैतानवाल्यांनी तिथेही संमतीपत्रे छापून आपला तास सुरू केला.