काडतूस गेजमध्ये अडलं तर आधी काय बघाल?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : ९ मिमी (९×१९) काडतूस गेज

हाताने भरलेलं काडतूस गेजमध्ये, म्हणजे काडतुसाचं माप तपासायच्या भोकाच्या साच्यात, अडकलं की पहिला संशय गेजवर जातो. दोष बहुतेक वेळा काडतुसातच असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे शोधायला एक मार्कर पेन पुरतं. (इथे ‘गोळी’ म्हणजे फक्त पुढचा धातूचा भाग. प्रायमर (तळातली ठिणगी पाडणारी टोपी), दारू, केस (पितळी नळी) आणि गोळी मिळून काडतूस.)

गेज आतून पुसून घ्या आणि काडतूस वरून सोडा, दाबू नका. ते आपल्या वजनाने खाली जाऊन तळ गेजच्या काठाला बरोबर यायला हवा आणि गेज उलटं करताच बाहेर पडायला हवं. अंगठ्याने ढकलून बसवलेलं काडतूस नापासच.

गेजने नापास केलं तरी शेवटचा शब्द तुमच्या बॅरलचा, म्हणजे पिस्तुलाच्या नळीचा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, बॅरल सोडवून बाहेर काढा, तोंड खाली धरून चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) काडतूस सोडा. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यावा, दोन बोटांनी ते सहज फिरावं, उलटं केल्यावर आपोआप पडावं. जोडलेल्या पिस्तुलात स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) सोडून ही चाचणी कधीही करू नका.

अडलं, तर गोळी आणि केस मार्करने रंगवा, चेंबरमध्ये घालून थोडं फिरवा आणि रंग कुठे खरवडला ते बघा.

गोळीच्या उतारावर खरवडला असेल तर ती रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकते आहे, म्हणजे काडतूस लांब झालंय. २९.६९ मिमी ही लांबीची कमाल मर्यादा आहे, गाठायचं माप नव्हे. गोळीचा आकार बदलला की योग्य लांबीही बदलते. मात्र गोळी खोल बसवली की दाब वाढतो, त्यामुळे लोडिंग कोष्टकातल्या (काडतूस भरण्याची मापं दिलेल्या तक्त्यातल्या) लांबीच्या खाली जाऊ नका.

केसच्या तोंडाशी खरवडला असेल तर गोळी बसवण्यासाठी रुंद केलेलं तोंड पुरतं मिटलेलं नाही. कॅलिपरने मोजा : ९.६५ मिमीपेक्षा जास्त नको. पण क्रिंप (केसचं तोंड गोळीवर मिटवणं) करकचून आवळणंही चूकच. हे काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं, शिवाय जास्त आवळलं की पितळ थोडं परत फिरतं, शिसं फिरत नाही, आणि घट्ट व्हायच्या ऐवजी गोळी सैल होते.

तळाशी खरवडला असेल तर केस फुगलेली आहे. सायझिंग डाय (केस दाबून मूळ मापाला आणणारा साचा) पुरेशी खाली आली नाही. गेजमध्ये अडतं पण बॅरलमध्ये नीट बसतं, असं असेल तर तळाच्या कडेवरून नख फिरवा. एक्स्ट्रॅक्टरने (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) उठवलेला बारीक ओरखडा तिथे हाताला लागतो.

प्रायमरवरून बोट फिरवा. तो तळाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, साधारण ०.०८ ते ०.१३ मिमी, असावा. वर आलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात पुन्हा दाबू नका, ते बाद करा.

गोळीची पकड तपासायला लांबी मोजा, गोळीचं टोक लाकडी टेबलाच्या कडेला अंगठ्याच्या जोराने दाबा, पुन्हा मोजा. गोळी आत सरकली तर ते काडतूस वापरू नका. आतली जागा कमी झाली की दाब झपाट्याने वाढतो.

दारू दुप्पट पडली की पडलीच नाही, हे कुठलंही गेज सांगत नाही. वजन करूनही खात्री होत नाही, कारण वेगवेगळ्या बनावटीच्या केसांच्या वजनातला फरक दारूच्या वजनाइतका असू शकतो. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेड पाडून दारूची पातळी बघा.

रंगवलेलं काडतूस आणि चेंबर दोन्ही पुसून मगच बॅरल पुन्हा जोडा.