खाद्यप्रक्रियेचे सांडपाणी म्हणजे फुकटचे खत?
‘दूध, फळे, बटाटे धुतलेलेच पाणी, त्यात कसले आले रसायन? उलट जमिनीला खतच मिळेल.’ हा समज अर्धाच खरा. नत्र, पालाश त्यात असते, मान्य. पण साखर आणि स्टार्च भरपूर मिळाले की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मातीतला ऑक्सिजन संपवून टाकतात. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू ताबा घेतात: नायट्रेटचा वायू होऊन नत्र उडून जाते, लोह-मँगनीज विरघळून भूजलात उतरू शकते, मुळे गुदमरतात.

आणि रसायन नाही कसे? यंत्रे बहुधा कॉस्टिक सोड्याने धुतात. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते. प्रक्रिया करून, मोजून, जमिनीला मध्ये विश्रांती देत सोडले, तर मात्र याच पाण्याने सेंद्रिय कर्ब वाढू शकतो.