लाकडी अंगठी : संच उघडण्याआधी वाचा

फळीला भोक पाडून कापलेली अंगठी दिसते छान, पण तिच्यात दोन ठिकाणी लाकडाची रेष आडवी जाते आणि हात दारावर आपटला की ती तिथेच तुटते. म्हणून आम्ही व्हीनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी गुंडाळतो. रेष बोटाभोवती फिरते, कच्ची जागा राहत नाही.

संचात 0.5 मिमी जाड, 8 मिमी रुंद, 30 सेंमी लांब अशा शिसवी पट्ट्या आहेत. एकीला चार वेढे. एखादी पट्टी मोडणारच, म्हणून तीन दिल्या आहेत.

माप : सराफाने सांगितलेल्या नंबरात 40 मिळवा, आतला घेर मिमीमध्ये मिळतो. 14 नंबर म्हणजे 54 मिमी. रुंद अंगठी आवळते, त्यामुळे एक नंबर मोठा धरा. संचातल्या दांड्यावर तेवढा घेर होईपर्यंत सेलोटेप गुंडाळा. नुसत्या लाकडावर काम केलंत तर अंगठी दांड्यालाच चिकटून बसेल.

पट्टीची दोन्ही टोकं 15 मिमीपर्यंत 240 च्या पॉलिशपेपरवर घासून निमुळती करा, नाहीतर आतली पायरी बोटाला टोचते. मग उकळत्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, गरम असतानाच दांड्यावर गुंडाळा, रबरबँड लावा आणि वाळू द्या.

सगळ्यात जास्त अंगठ्या इथे बिघडतात. वरून कोरडी दिसणारी पट्टी आतून ओलसर असते. तिच्यावर इन्स्टंट ग्लू टाकला की फेस येतो, पांढरे डाग पडतात आणि ते घासूनही जात नाहीत. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. कोकणातल्या पावसाळ्यात तीन दिवस थांबा, घाई करू नका.

वाळल्यावर पट्टी सोडवा आणि पुन्हा घट्ट गुंडाळत दर दोन सेंमीवर पातळ ग्लूचा एक थेंब सोडा. थेंब मोठा झाला तर ग्लू बोटांवर ओघळतो. सुती हातमोजे किंवा सुती चिंधी नको : सुतावर हा ग्लू पडला की चटका बसेल इतका तापतो. टिश्यूपेपर वापरा.

घासायचा क्रम 120, 240, 400. शिसवाची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, मास्क लावाच. शेवटी ग्लूचेच सहा पातळ थर द्या, दोन थरांत 15 मिनिटांचं अंतर ठेवा, आणि 600 ने हलका हात फिरवा.

नेलपॉलिश काढताना अंगठी बाजूला ठेवा. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने हा थर मऊ पडतो.